पिक ग्लास घेऊन लंडनला

आमच्या गावच्या माणसानं लंडनला जाण्यात नवल काही नाही. इचलकरंजीचे जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे 1913 साली युरोप फिरून आले आणि इंग्रजांचं राहणं-वागणं कसं वाटलं, यावर त्यांनी इंग्रजीत पुस्तकही लिहिलं. त्यांच्याच अमदानीत, 1904 साली, विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग आणला. पुस्तक आमच्या घरात कुणी पाहिलेलं नाही. माग मात्र मी लग्न झाल्या दिवसापासून ऐकतेय. आमचे चोवीस माग घराला लागूनच आहेत.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून लेकीनं चार दिवसांची सहल ठरवून दिली. मी बॅगेत भडंग, धपाटे आणि कांदा-लसूण चटणी भरली. यांनी खिशात एकच वस्तू टाकली, पिक ग्लास. ज्यांच्या घरी माग नाहीत त्यांच्यासाठी सांगते, हे घडीचं छोटं भिंग असतं. कापडावर ठेवायचं आणि इंचात धागे किती बसलेत ते मोजायचं. मुंबईच्या विमानतळावर तपासणीवाल्यानं विचारलं, हे काय? यांनी ते त्याच्याच बाहीवर ठेवून दाखवलं. वर, "साहेब, कापडात फसलासा," असंही सांगितलं.

पहिल्या रात्री हॉटेलात चिडीचूप. मी ढाराढूर. पहाटे तीनला बघते तर हे चादरीवर ओणवे. इचलकरंजीत तेव्हा साडेसात वाजलेले, म्हणजे यांची शेडमध्ये फेरी मारायची वेळ.

"अहो, झोपा की!"

"माग बंद पडल्यासारखं वाटतंय गं. झोप कशी लागंल?" म्हणाले, आणि माग सांभाळणाऱ्या जॉबरला फोन लावला. फोनमधून खडखड ऐकू आली तेव्हा कुठे आडवे झाले.

राजवाड्यासमोर पहारा बदलताना बघायला ही गर्दी. लोक अस्वलाच्या केसाळ टोप्यांचे फोटो काढत होते. हे लाल कोटांकडे बघून हळहळत होते, "एवढ्या उन्हात लोकर!"

व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये मात्र यांना देव भेटला. तिथं अर्दबीलचा गालिचा आहे. इराणात सोळाव्या शतकात विणलेला, दहा मीटरहून लांब, जमिनीवर काचेच्या पेटीत. रंग विटू नयेत म्हणून त्याच्यावर दर अर्ध्या तासाला दहाच मिनिटं पुरता उजेड सोडतात. "म्हणजे इथंबी लोडशेडिंग!" यांना कोण आनंद. उजेड आला की काचेला नाक, गेला की बाकावर. असे चार उजेड झाले. भिंग काढल्यावर पहारेकरीण दोन पावलं जवळ आली, पाचव्या उजेडाला आणखी दोन. माझी ऑक्सफर्ड स्ट्रीटची खरेदी त्या गालिच्याखाली गेली ती गेलीच.

शेवटच्या दिवशी थेम्समधून बोटीची फेरी. पार्लमेंटसमोर गाइड सांगू लागला, 1858 च्या उन्हाळ्यात ही नदी इतकी घाण मारत होती की सभागृहाचे पडदे ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवून टांगले होते.

"कापड कुजलं असणार," हे म्हणाले.

मग बॅझलजेट नावाच्या इंजिनिअरनं शहराखालून मोठमोठी गटारं नेली. तरी पुढे शंभर वर्षांनी, 1957 साली, नदी मेल्याचं जाहीर झालंच. आता तिच्यात सील पोहतात.

यावर हे गप्प. मला आमच्या गावच्या पंचगंगा नदीवरची जलपर्णी आठवत होती, आणि पाण्यावर येणारा तो फेस. मी नुसतं यांच्याकडे बघितलं.

"आपण ग्रे, बिनरंगाच्या कापडवाले," हे एकदम म्हणाले. "रंगाचं पाणी आपलं नव्हं."

मी काहीच विचारलं नव्हतं. बोटीचा पुढचा धक्का येईपर्यंत दोघांनाही बोलावंसं वाटलं नाही.

निघायच्या सकाळी खोली आवरताना चादरीचा एक कोपरा हाताला झिरझिरीत लागला. यांनी सुताचा काउंट बघायला वीतभर धागे ओढून काढले होते आणि पाकिटात, देवाच्या अंगाऱ्याशेजारी, घडी करून ठेवले होते.

इचलकरंजीचं कुणी त्या हॉटेलात उतरलंच, तर चादरीचा डावा कोपरा गादीखाली नीट खोचून घ्या.