अमेरिकेचा मिक्सर

आमच्या घरात सव्वा वर्ष दोन मिक्सर होते. एक चालत नव्हता, कारण तो बिघडला होता. दुसरा चालत नव्हता, कारण तो कॅनडाचा होता.

कॅनडाचा म्हणजे घेतलेला लक्ष्मी रोडलाच, पण ११० व्होल्टचा. तिकडे घरात वीज ११०-१२० व्होल्टची, आपल्याकडे २३०. इथला मिक्सर तिकडे नुसता कण्हतो आणि तिकडचा इथे लावला तर जीव देतो. दुकानदाराने खोक्यावर थाप मारून सांगितलं, "अमेरिकेचा मिक्सर. डोळे मिटून न्या." म्हटलं, आम्हाला कॅनडाला जायचंय. "तेच ते, वरचा मजला," म्हणत त्याने पावती फाडली. ही गोष्ट फेब्रुवारी २०२१ची. पर्मनंट रेसिडन्सीचा अर्ज भरून जेमतेम तीन आठवडे झाले होते. साधारण सहा महिन्यांत निकाल लागतो, असं वाचलं होतं. त्यातला 'साधारण' हा शब्द मी घाईत वाचला. पोटापाण्यासाठी मुद्रितशोधन करणाऱ्या माणसाला हे शोभत नाही.

अर्ज खरं तर बायकोचा. ती 'प्रिन्सिपल अ‍ॅप्लिकंट' आणि मी 'अकंपनिंग स्पाऊज', म्हणजे सोबतचं सामान. एवढंच की माझं वजन बॅगेच्या २३ किलोंत धरत नाहीत. एक्स्प्रेस एंट्री नावाच्या त्या प्रकारात माणसाला १२०० पैकी गुण मिळतात. बायकोचं वय २९, त्याचे पुरते १००. तिच्या एम.एस्सी.चे, इंग्रजीचे, नोकरीचे असेच घसघशीत. माझ्या मराठीतल्या एम.ए.चे १०. मराठी घेऊन एम.ए. केल्याचा आयुष्यात झालेला हा पहिला रोख फायदा. इंग्रजीची आयईएलटीएस परीक्षा रट्टा मारून दिली, तिचे २०. आणि ११ वर्षं मुद्रितं तपासली, ऱ्हस्व-दीर्घावरून दोन कादंबरीकारांशी कायमचं वाकडं घेतलं, त्याचे शून्य. जोडीदाराने कॅनडाबाहेर केलेल्या नोकरीला गुणच नाहीत. हे ऐकून सासरे म्हणाले, "लग्न ठरवताना आम्ही तरी कुठे धरली होती!"

बेरीज झाली ४७२. पण तिशी लागली की दर वाढदिवसाला ५ गुण गळतात आणि बायकोचा तिसावा डिसेंबरात. २०२०च्या दिवाळीनंतर आमच्या घरात तारीख विचारायची चोरी होती. नोव्हेंबर संपता संपता अर्ज करण्याचं निमंत्रण आलं, तेव्हा कुठे बायकोने तिशीत पाऊल टाकायला संमती दिली.

कागदांची तर कथाच वेगळी. विद्यापीठाकडून गुणपत्रकं बंद पाकिटात, पाकिटाच्या तोंडावर शिक्का. शिक्का मारणारे गृहस्थ रजेवर, ते आले तेव्हा शाई वाळलेली, ही हकिगत महाराष्ट्रातल्या कुणालाही सांगायची गरज नाही. माझ्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगात पदवीवर एक 'आय' आणि पासपोर्टवर दोन 'ई'. जन्मभर दुसऱ्यांच्या वेलांट्या सुधारणाऱ्या माणसाने शंभर रुपयांच्या स्टँप पेपरवर लिहून दिलं की ऱ्हस्व मी आणि दीर्घ मी, हे दोघे एकच इसम आहोत. शिवाय गेल्या दहा वर्षांत महिनान् महिना तुम्ही कुठे होतात, काय करत होतात, ते लिहायचं. मध्ये फट नको. २०१३ सालचे चार महिने मला काही केल्या सापडेनात. आईला विचारलं.

"लोळत होतास," आई म्हणाली. क्षणाचाही विचार न करता.

अर्जात तसा रकाना नव्हता. 'अनएम्प्लॉइड' होता, पण त्यात लोळण्यातली शांतता येत नाही. पोलीस दाखल्यासाठी चौकशीला हवालदार आले. त्यांनी शेजारच्या काकूंना विचारलं, माणूस कसा आहे? काकू म्हणाल्या, "तसा बरा आहे, पण पाण्याची मोटर बंद करायला विसरतो." तरी दाखला मिळाला.

मिक्सर घरात येऊन आठवडाही झाला नव्हता, तेवढ्यात १३ फेब्रुवारी उजाडली. त्या दिवशी कॅनडाने एका दमात २७,३३२ लोकांना निमंत्रणं दिली आणि त्यातल्या शेवटच्या माणसाचे गुण होते ७५. चारशे पंच्याहत्तर नव्हे, नुसते पंच्याहत्तर. कारण साधं होतं: कोविडमुळे सीमा बंद, बाहेरच्यांना आत घेता येत नव्हतं, म्हणून जे आधीच तिथे राहून नोकरी करत होते त्यांना घ्यायचं ठरलं. पंगतीत जागा नसेल तर स्वयंपाकघरात आहेत त्यांना आधी वाढून घ्या म्हणतात, तसं. हिशोब बरोबरच होता. पण आम्ही हात धुऊन, पाटावर बसून, पानाभोवती पाणी फिरवून बसलो होतो.

तिथून सुरू झालं ते वाट बघणं. उन्हाळ्यात ओटावात सकाळचे नऊ वाजतात तेव्हा पुण्यात साडेसहा वाजलेले असतात. म्हणजे आई देवापाशी दिवा लावणार आणि त्याच वेळी बायको पोर्टल उघडणार. दोघींचे डोळे मिटलेले, दोघींचे हात जोडलेले. आईला निदान समोर मूर्ती तरी दिसायची. बायकोला दिसायचं 'बॅकग्राउंड चेक: इन प्रोग्रेस'. एकदा ईमेल आली की तुमच्या अर्जात काही बदल झाला आहे. उघडून पाहिलं तर अक्षरही बदललेलं नव्हतं. अर्जदार मंडळी याला 'घोस्ट अपडेट' म्हणतात. बायकोने ओरडून मला तसं सांगितलं, ते आईने ऐकलं. घोस्ट म्हणजे काय हे तिला ठाऊक होतं. रात्री लॅपटॉपवरून मीठ-मोहऱ्या उतरवल्या. त्यातली एक मोहरी अजून 'एंटर'च्या खाली आहे, दाबलं की कुरकुरते.

'आता काय, जायचंच आहे' हे वाक्य आमच्याकडे याच काळात राहायला आलं. स्वयंपाकघरातला नळ ठिबकायला लागला. वायसर बदलायला पाच मिनिटं पुरली असती, पण आता काय, जायचंच आहे. पडदे विटले, जायचंच आहे. जुना मिक्सर जळका वास सोडून बसला, तर नवा कशाला? जायचंच आहे. आई खलबत्त्यात कूट करू लागली. स्कूटर तर मी हुशारीने आधीच विकून मोकळा झालो होतो, त्यामुळे ज्याला विकली त्याच्याकडे दर रविवारी मागायला जायचो. तो बिचारा द्यायचा, पण पेट्रोलचा काटा बघून घ्यायचा.

निरोपाची जेवणंही उरकली होती. आत्याने श्रीखंड-पुरी केली, मामाने शाल-नारळ दिला, ऑफिसात 'पुढील वाटचालीस शुभेच्छा' झालं. त्यानंतर दीड महिन्याने एका लग्नात आत्या भेटली. ती माझ्याकडे, मेलेला माणूस भाजी घ्यायला बाहेर पडलेला दिसावा तशी बघत राहिली. "अरे, तू अजून इथेच?" हा प्रश्न मला गेल्या वर्षात इतक्या जणांनी विचारला की स्वतःच्या घराचं दार उघडतानाही मी जरा ओशाळतो. अर्जासाठी केलेलं मेडिकल फक्त वर्षभर चालतं. आमचं २०२१च्या डिसेंबरात संपलं. आता ते पुन्हा सांगतील तेव्हा छातीचा एक्स-रे पुन्हा काढायचा. छातीत या वर्षात काय काय साठलं ते त्यात दिसतं की नाही, कोण जाणे.

घरात काळ मोजायचं खरं साधन मात्र लोणचं होतं. २०२१च्या जूनमध्ये आईने कॅनडासाठी म्हणून दोन किलोंचं वेगळं घातलं. बरणीला फडकं बांधलं, त्याला हात लावायचा नाही. गणपतीत पाहुण्यांना म्हणून दोन फोडी काढल्या. दिवाळीत फडकं निघालं. संक्रांतीला बरणी धुऊन पालथी पडली होती. त्यावर कुणी काही बोललं नाही.

मे महिन्यात साताऱ्याहून मावशी आली. शेंगदाण्याची चटणी करायची होती आणि खलबत्त्याला ती तयार नव्हती. "एवढा नवाकोरा मिक्सर खोक्यात पुजून ठेवलाय!" आम्ही कुणी घरात नव्हतो. त्याची पिन चपटी, आपल्या सॉकेटमध्ये जाईना. मावशी हरणारी नव्हे. परदेशात चार्जरला लागेल म्हणून घेऊन ठेवलेला ऑल-इन-वन अ‍ॅडॅप्टर तिने टेबलाच्या खणातून शोधून काढला. मग म्हणे मिक्सर किंचाळला, ओट्यावरून चालत सिंकपर्यंत गेला, धूर आला आणि अख्ख्या मजल्याचे दिवे गेले. मी पोहोचलो तेव्हा मावशी खुर्चीत बसून पदराने वारा घेत होती.

"चटणी मात्र बारीक झाली रे," ती म्हणाली. "चार सेकंदांत!"

बायको त्या काळ्या पडलेल्या मोटरकडे बराच वेळ बघत होती. मला वाटलं, आता रडणार. ती हसायला लागली, मग आई, मग मावशी, आणि शेजारच्या काकू मेणबत्ती घेऊन आल्या त्याही.

दुसऱ्या दिवशी आई मावशीला घेऊन परस्पर बाजारात गेली आणि २३० व्होल्टचा मिक्सर घेऊन आली. दोन वर्षांची वॉरंटी. ते कार्ड बायकोने कुठे ठेवावं, तर कॅनडाच्या फायलीत, कारण घरात महत्त्वाच्या कागदांची तेवढीच एक फाइल उरली होती. येताना आईने प्लंबरलाही सांगितलं. तो आला, वायसर बदललं, साठ रुपये घेऊन गेला.

त्या रात्री मला झोप लागेना. बराच वेळ कारण कळलं नाही, मग लक्षात आलं की नळ ठिबकत नाहीये. अडीच वाजता उठलो, लॅपटॉप उघडला. ओटावात संध्याकाळचे पाच, मंडळी दप्तर आवरून घरी निघाली असतील. 'एंटर' कुरकुरलं. इन प्रोग्रेस.

आई पाणी प्यायला उठली होती. दारातूनच तिने विचारलं, "आलं का रे काही?"

"नाही."

"बरं," आई म्हणाली. नळ तिने एकदा उघडला, बंद केला, थेंब पडतो का ते वाकून बघितलं. "मग पाऊस पडला की लोणच्याच्या कैऱ्या आण. दोन नको, पाच किलो आण."