गोळी मिळेल, माहिती संपली

रात्रीचे साडेनऊ. मेडिकलच्या काउंटरवर एक तरुण केव्हाचा उभा आहे. विक्स घेतलं, इनोची पाकिटं घेतली, टूथब्रशही घेतला. काकूंच्या बीपीच्या गोळ्या निघेपर्यंत त्याने ओआरएसच्या पाकिटावरचा सगळा मजकूर वाचून काढला. काकू गेल्या, तसा तो वाकून पुटपुटला, ‘‘ती... बहात्तर तासवाली.’’ दुकानदाराने असं पाहिलं, जणू पोराने गल्लाच मागितला.

एवढं वाचन त्याने शाळेत केलं असतं तर? पण वाचायला होतं काय? 2007 साली आय-पिल ही तातडीची गर्भनिरोधक गोळी बाजारात आली आणि त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने शाळांतल्या लैंगिक शिक्षणावर बंदी घातली. धडा वर्गातून गेला, जाहिरात टीव्हीवर आली. र. धों. कर्व्यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं होतं. तिथून शंभर वर्षांत आपली मजल रिमोटपर्यंत गेली. जाहिरात लागली की अख्खं घर तो शोधतं.

अशी गोळी 2005पासून चिठ्ठीशिवाय मिळते. माहितीला मात्र अजून चिठ्ठी लागते. म्हणून मुलांनी आपापले डॉक्टर नेमलेत. हॉस्टेलवरचा सीनियर सांगतो, ‘‘वर पपई खायला घाल, डबल गॅरंटी!’’ कुणी तिला गर्भपाताची गोळी समजून घाबरतं, कुणी दर आठवड्याला घेऊन निर्धास्त. आणि जिने ती गिळायची, तिला कुणीच काही विचारत नाही.

माहिती दिली तर मुलं बिघडतील, असं संस्कृतिरक्षक म्हणतात. खरंच आहे. माहितीवाचून बिघडलेली मुलं कशी अस्सल देशी असतात!

दुकानदार ही गोळी वर्तमानपत्रात गुंडाळून देतात, म्हणून कामापुरतं इथेच छापतो. संबंधांनंतर 72 तासांच्या आत घ्यायची. जितकी लवकर, तितकी उपयोगी. ती स्त्रीबीज बाहेर पडणं लांबवते, राहिलेला गर्भ पाडत नाही. घेतल्यानंतरच्या संबंधांना तिचं संरक्षण नाही. एचआयव्ही, गुप्तरोग तिला आवरत नाहीत. त्याला निरोधच हवा. नेहमीसाठी ती नव्हेच. पाळी आठवड्यापेक्षा जास्त लांबली तर तपासणी करावी. पपईचा संबंध नाही.

केमिस्ट बांधवांना एकच विनंती: गुंडाळताना हे सदर आतल्या बाजूला येऊ द्या. बाहेर राशिभविष्य असलं तरी चालेल.