आधी अडीच लाख मोजा

हायब्रीड गाडी दाखवताना शोरूममध्ये पहिला आकडा पुढे येतो तो लिटरला २७.९७ किलोमीटरचा. ग्रँड विटारा आणि हायरायडर या जुळ्या बहिणींच्या स्ट्राँग हायब्रीडचं हे प्रमाणित अ‍ॅव्हरेज. आकडा खरा आहे, पण चाचणीतला. संध्याकाळच्या सिंहगड रोडवर, एसी लावून, चार माणसं बसवून २१ मिळालं तरी गाडीला शाबासकी द्यावी. घेणाऱ्याला विचारायचं असतं ते वेगळंच: जास्तीचे पैसे वसूल कधी होणार? ते गणित कुणी मांडून देत नाही, म्हणून इथे मांडतो.

पेट्रोल १०४ रुपये धरू, वर्षाचं रनिंग १० हजार किलोमीटर. नोकरदार कुटुंबाची गाडी साधारण एवढीच चालते. त्याच आकाराची साधी पेट्रोल ऑटोमॅटिक शहरात १४ देते, हायब्रीड २१, असं समजा. वर्षाला २३८ लिटर वाचलं, म्हणजे पावणेपंचवीस हजार रुपये. हायब्रीडसाठी वर मोजायचे ढोबळमानाने अडीच लाख. वसुलीला १० वर्षं! तीही रोख पैसे टाकले तर. हे अडीच लाख ९ टक्क्यांनी पाच वर्षांच्या कर्जात गेले की ६१ हजार व्याज चढतं आणि वसुली साडेबारा वर्षांवर जाते. बॅटरीची वॉरंटी आहे ८ वर्षांची किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची. या बॅटऱ्या टिकाऊ असतात, हे मान्य. पण वॉरंटी संपल्यावर सुरू होणाऱ्या फायद्याला मी तरी बचत म्हणणार नाही.

आता लहान गाडी समोर ठेवा, कारण घराघरांत खरी तुलना तिच्याशीच होते. स्विफ्टच्या वर्गातली गाडी शहरात १६ देते असं धरलं, तर वर्षाला ६५ हजारांचं पेट्रोल. हायब्रीडला साडेएकोणपन्नास हजार. फरक साडेपंधरा हजारांचा, आणि ऑन-रोड किमतीतला फरक दहा लाखांच्या घरात. हे दहा लाख बँकेत ६ टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला ६० हजार व्याज येतं. लहान गाडीचं वर्षभराचं जवळजवळ सगळं पेट्रोल त्या व्याजात भागतं आणि मुद्दल जागेवर राहतं. मोठी, शांत, आरामाची गाडी हवी असेल तर जरूर घ्या, त्यात गैर काहीच नाही. पण घरी सांगताना बचतीचं कारण सांगू नका.

बचतच करायची असेल तर सीएनजी आहे. गाडीमागे लाखभर रुपये जास्त, गॅस किलोला ९० रुपये आणि अ‍ॅव्हरेज २५ धरलं तरी किलोमीटरला ३ रुपये ६० पैसे. हायब्रीडला जवळपास ५ रुपये पडतात. डिकीतली जागा जाते, पंपावर रांग लावावी लागते, तरीही टॅक्सीवाले सीएनजीच घेतात. त्यांना किलोमीटरचा हिशेब कुणी शिकवावा लागत नाही.

आणि माइल्ड हायब्रीडच्या बॅजला भुलू नका. त्यात स्टार्टर-जनरेटर इंजिनाला थोडा हात देतो, नुसत्या विजेवर गाडी हलत नाही. केंद्रानेही २०१७ मध्ये या प्रकाराचं अनुदान काढून घेतलं.

स्ट्राँग हायब्रीडचं तंत्र मात्र अव्वल आहे. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा ती बॅटरीत परत घेते आणि सिग्नलला इंजिन बंद ठेवते. म्हणून तिची खरी करामत गर्दीत दिसते. एक्स्प्रेसवेवर एका वेगाने पळताना फायदा बराच आटतो. शहरातल्या शहरात वर्षाला ३० हजार किलोमीटर धावणाऱ्याचे अडीच लाख सव्वातीन-साडेतीन वर्षांत सुटतात. म्हणजे हे तंत्र दिवसभर रस्त्यावर असणाऱ्याच्या कामाचं आहे, आणि विकलं जातं आहे ते शनिवार-रविवार गाडी काढणाऱ्याला.

माझा खरा राग करावर आहे. सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला १८ टक्के जीएसटी लागतो, त्यापुढच्या गाडीला ४० टक्के. कर लांबी आणि सीसी मोजतो, जाळलेलं पेट्रोल मोजतच नाही. ग्रँड विटारा, हायरायडर, सिटी, इनोव्हा हायक्रॉस या सगळ्या हायब्रीड ४० टक्क्यांत, आणि तेवढ्याच लांबीची दीडपट पेट्रोल पिणारी गाडीही ४० टक्क्यांतच. विजेच्या गाडीला फक्त ५ टक्के. सतरा लाख एक्स-शोरूमच्या हायब्रीडवर १८ टक्के कर लावून पाहा: किंमत येते १४ लाख ३३ हजार. दोन लाख ६७ हजारांचा फरक. ज्या अडीच लाखांच्या वसुलीसाठी ग्राहक दहा वर्षं पेट्रोलच्या पावत्या जपणार आहे, ते सगळे या कराच्या फरकातच बसतात.