तीन चाकांची कैफियत

पुणे-नाशिक हमरस्त्यावर मंचर आणि नारायणगाव या दोन नामांकित बाजारपेठांच्या मध्ये, घोड नदीच्या खोऱ्यात, आंबेगाव तालुक्यातले कळंब नावाचे जे गाव आहे, तेथून जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावी जाण्याचा रस्ता एकच असला तरी वाहने तीन प्रकारची आहेत. आणि एखाद्या मनुष्याच्या स्वभावाची पारख करावयाची असेल, तर त्याने यांपैकी कोणते पसंत केले एवढी एकच चौकशी पुरेशी व्हावी.

मोटारवाला गृहस्थ काचा वर करून, आपण मघाशी सोडलेलीच हवा पुन्हा आत घेत, कळंबात शिरतो आणि कळंबातून बाहेर पडतो. आपण कळंबास येऊन गेलो हे त्यास ठाऊक नसते आणि कळंबासही नसते. मोटारसायकलस्वाराची गोष्ट निराळी. त्यास स्वातंत्र्य भरपूर, परंतु चालत राहिला तरच तो उभा राहू शकतो, हा या वाहनाचा मूलभूत जुलूम आहे. शिवाय उसाच्या ट्रॉलीमागून जाताना निम्मा बाजारहाट त्याच्या डोळ्यांत जातो. एक सोय मात्र मान्य केली पाहिजे : मागे बसलेल्या अर्धांगीने काही महत्त्वाचे सांगितले असता ते वाऱ्याने नेले, असे नंतर शपथेवर सांगता येते.

या दोहोंच्या दरम्यान, तीन चाकांवर, सर्वांगाने थरथरत टमटम उभी असते.

टमटम सुटण्याची वेळ घड्याळावर अवलंबून नाही. "बसा पाव्हणं, एक शीट आलं की निघालोच," असे चालक अतिशय प्रामाणिकपणे सांगतो, आणि ते एक शीट आले की आणखी एका शिटाची उणीव त्यास तितक्याच प्रामाणिकपणे भासू लागते. परवान्यावर नमूद केलेली आसनसंख्या ही सरकारने ठरवून दिलेली किमान मर्यादा असून तिच्याखाली जाणे हा कायदेभंग आहे, अशी त्याची समजूत दिसते. टोमॅटोचे क्रेट, दुधाचा कॅन, जुन्नरच्या कॉलेजात जाणारा विद्यार्थी आणि कोंबडी पदराखाली घेतलेली एक मावशी, इतक्यांचा बंदोबस्त झाल्यावर, "मास्तर, जरा सरकून घ्या," असा जो हुकूम सुटतो, तो पाळण्यास जागा कोठून उत्पन्न होते हे गूढ मला उकललेले नाही. पण ती होते खरी.

फाल्गुन-चैत्राच्या सुमारास तर या वाहनाची मजलस अवश्य अनुभवावी. नारायणगाव हे तमाशासम्राज्ञी विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचे गाव. यात्रांच्या हंगामापूर्वी तेथे तमाशाच्या फडमालकांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पंच सुपारी देण्यासाठी तेथे लोटतात. असे एक पंचमंडळ माझ्या समोरच बसले होते. वर्गणी किती जमली, गेल्या साली वग मध्यरात्रीनंतर का सुरू झाला, आणि यंदा बोलणी करताना प्रथम कोणी तोंड उघडावयाचे, या तीन कलमांवर इतका कडाक्याचा वाद झाला, की अखेरीस मला चष्मा आहे एवढ्याच आधारावर माझा अभिप्राय मागण्यात आला. मोटारीत बसलेल्या मनुष्यास कोणी कशावर अभिप्राय मागितल्याचे तुम्ही ऐकले आहे काय?

'तीन तिघाडा, काम बिघाडा' म्हणणाऱ्या पूर्वजांनी बहुधा टमटम पाहिली नसावी. भूमितीचा कौल तर सरळसरळ तीनाच्या बाजूचा आहे. एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंतून एकच प्रतल जाते, म्हणून तिवई कितीही ओबडधोबड जमिनीवर ठेवली तरी डुगडुगत नाही. इतिहासाची साक्षही तीच आहे. कार्ल बेंझ याने १८८६ साली ज्या मोटारगाडीचे पेटंट घेतले, ती तीनच चाकांची होती, आणि १८८८ साली त्याची पत्नी बर्था हिने नवऱ्यास न विचारता, दोन मुले बरोबर घेऊन, मानहाइमपासून फोर्ट्सहाइमपर्यंत जी जगप्रसिद्ध मजल मारली, तीही तीन चाकांवरच. चौथे चाक हा नंतरच्या श्रीमंतीचा डौल आहे. आपल्या पुणे जिल्ह्याने या परंपरेचा मान राखला आहे. जर्मनीच्या सहकार्याने तीन चाकी टेंपो बनविणाऱ्या बजाज टेंपोने आकुर्डीस आपले ठाणे केले, आणि पुढे इटलीच्या पियाजिओने तीन चाकी 'आपे'चा कारखाना बारामतीस काढला.

भूमितीची एक अट मात्र आहे. पुढे एकच चाक असल्यामुळे ही गाडी बोळात जागच्या जागी फिरते खरी, परंतु वेगाने वळताना भार त्या त्रिकोणाच्या बाहेर जाऊ पाहतो. त्यावर चालकाने शोधलेला उपाय कोणत्याही अभियंत्याने टिपून ठेवावा. "उजवीकडं वळतोय, समदी उजवीकडं रेला!" अशी आरोळी होताच पंच, मावशी, विद्यार्थी आणि मी एकदिलाने उजवीकडे कललो. वर्गणीवरून नुकतेच भांडलेल्या माणसांत एवढी एकवाक्यता कोणत्याही ग्रामसभेत मी पाहिलेली नाही. मोटारीने हे वळण कोणाच्याही सहकार्यावाचून घेतले असते, यातच तिची उणीव आली.

आवाजाविषयी मात्र वकिली करणे कठीण आहे. नारायणगावाजवळ खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या या सगळ्या टापूत पसरून अंतराळातून येणारे अतिक्षीण संदेश टिपीत असतात. त्याच टापूत आमचे वाहन चढावर दुसऱ्या गिअरमध्ये असे काही गर्जत होते, की शेजारच्या पंचाने कानाशी तोंड आणून सांगितलेला सुपारीचा आकडा मला कळला नाही, आणि चारचौघांत तो मोठ्याने सांगण्याची त्याची तयारी नव्हती.

तेव्हा कळंबवरून जाणाऱ्या वाचकास विनंती अशी, की मोटार असल्यास ती एखाद्या झाडाखाली लावावी आणि नारायणगावापर्यंत एकवार टमटमीने जावे. सुटे पैसे जवळ ठेवावेत, उतरण्याचे ठिकाण आधीच मोठ्याने सांगावे, आणि चालकाने आपल्या शेजारची जागा कितीही आग्रहाने देऊ केली तरी ती नम्रपणे नाकारावी. कारण तेथे बसणाऱ्याचा एक पाय आंबेगाव तालुक्यात असतो आणि दुसरा गाडीच्या आधी जुन्नर तालुक्यात पोहोचतो.