सतरा इंची अलॉयच्या स्वारीस अनावृत पत्र

प्रति,
वरच्या मजल्यावरचे स्विफ्टनरेश यांस,



आपण गाडीचे टायर बदलणार असल्याची वार्ता वॉचमनकडून समजली. पार्किंगमध्ये येणाऱ्याजाणाऱ्याला आपण थांबवता, ‘काका, कुठले टायर टाकू?’ असे विचारता आणि उत्तर यायच्या आत ‘पण लुक पाहिजे हं’ अशी अट घालता. ब्रेक लागावा, पावसात पकड राहावी असल्या किरकोळ मागण्या करणारे गिऱ्हाईक टायरवाल्याला रोजच भेटते. निव्वळ दर्शनासाठी चार टायरांचे पैसे मोजणारे दर्दी हल्ली उरलेत किती? तेव्हा हे पत्र लिहिण्याचे धाडस करतो.

कंपनीने गाडी आपल्या स्वाधीन केली तेव्हा तिच्या पायात १६५/८० आर १४ होते. म्हणजे रुंदी १६५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, अर्थात १३२ मिलिमीटर, आणि रिम १४ इंची. या भिंतीला काम एकच. खड्डा आला की आधी स्वतः चेपायचे, मग उरलेला दणका रिमला, सस्पेन्शनला आणि सरतेशेवटी मालकाच्या मणक्याला वाटून द्यायचा. आपण १७ इंची अलॉय आणलीत, त्यावर २०५/४५ चढवलेत आणि ती भिंत ९२ मिलिमीटरवर आणून ठेवलीत. चाकाची एकूण उंची तशी फारशी हलली नाही, ६२० मिलिमीटरची ६१६ झाली. पण भिंतीतले चार सेंटिमीटर रबर गेले आणि त्या जागी चकाकता धातू आला. रबर बिचारे काळे, धातू लांबूनही दिसतो. सौदा फायद्याचाच म्हणायचा. फक्त आपल्या रस्त्यावरच्या खड्ड्यांना या बदलाची कोणी सूचना दिलेली दिसत नाही. ते अजून १३२च्या हिशेबानेच पडतात.

डाव्या पुढच्या टायरच्या कुशीला लिंबाएवढा फुगा आलाय, तो या गैरसमजातूनच. आपण त्याला ‘थोडंसं फुगलंय’ म्हणता. फुगा आला याचा अर्थ आतले धागे तुटले आणि आता नुसते रबर हवा धरून बसले आहे. त्यावर पॅच चालत नाही, मशरूम प्लगही चालत नाही. तरी कोणी दुरुस्त करून देतो म्हणाला, तर पहिल्या फेरीला त्यालाच गाडीत बसवा, पुढच्या सीटवर.

आता वजनाचे. टायरच्या कडेला आकारानंतर आणखी एक छोटा आकडा असतो. आपल्यासारख्या रसिकांची नजर तिथवर पोहोचत नाही, कारण तो आकडा पांढऱ्या रंगाने रंगवता येण्याइतका मोठा नसतो. मूळ टायरवर तो ८५ होता, म्हणजे एका टायरला ५१५ किलोंचा भार सोसतो. २०५/४५ आर १७चा साधा टायर घेतला तर तिथे बहुधा ८४ लिहिलेले सापडेल, म्हणजे ५०० किलो. चार चाकांचे मिळून ६० किलो कमी झाले. त्याच सुमारास आपण डिकीत सबवूफरचे खोके, अॅम्प्लिफायर आणि मित्रमंडळ वाढवलेत. एक्स्ट्रा लोडचा टायर मिळाला तर आकडा ८८ होतो, ५६० किलो. पण तेवढे वजन उचलायला त्याला हवाही जास्त लागते. आणि आपण तर गाडी उडते म्हणून हवा कमी ठेवता. मग तो ८८ फक्त वाचायला उरतो.

रुंद टायर म्हणजे जास्त पकड, असे आपल्याला अलॉयवाल्याने सांगितले. कोरड्या रस्त्यावर त्यात थोडे तथ्यही आहे. जुलैत ताम्हिणीत शिरलात की हिशेब फिरतो. गाडीचे वजन तेवढेच, पण टायर रुंद, त्यामुळे समोरचे पाणी बाजूला सारायचे काम वाढते आणि ते सारता आले नाही की टायर पाण्यावर तरंगू लागतो. नक्षीची खोली तेव्हाच कामाला येते. खाचांच्या तळाशी जे छोटे उंचवटे असतात ते १.६ मिलिमीटरची खूण दाखवतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आले की टायर संपला. २०२३मध्ये समृद्धी महामार्गाच्या तोंडाशी आरटीओवाले गोटा झालेल्या टायरांच्या गाड्या परत पाठवत होते, ते याचसाठी. आपली गाडी त्यांनी बहुधा सोडली असती, कारण बाहेरून टायर छान दिसतात.

बाहेरून, बरे का. स्प्रिंगा कापून आपण गाडी खाली बसवलीत तेव्हा चाकांचा माथा आत झुकला. आता टायरची आतली कड रस्त्यावर घासते आणि बाहेरची कड मिरवते. स्टिअरिंग पूर्ण वळवून, खाली वाकून आतून हात फिरवून पाहा; तळहाताला तार लागली तर दचकू नका. नवे टायर घालण्याआधी हे दुरुस्त केले नाहीत तर तेही त्याच वाटेने जातील. आणखी एक वाईट बातमी: स्विफ्टच्या मागच्या चाकांना कोन बदलायची सोयच नाही, एकच आडवा बीम आहे. तेव्हा ‘चारही चाकांचं अलाइनमेंट करून देतो’ म्हणणाऱ्याला मागे नेमके काय फिरवणार ते विचारा.

टायरवाला आपल्याला सांगेल की ४५ स्टॉकमध्ये नाही, ५० घाला, काही होत नाही. खरे आहे, फार काही होत नाही. चाकाची उंची ६३७ होते, एवढेच. मूळच्या टायरवर जिथे खरा वेग शंभर होता, तिथे काटा जागचा हलणार नाही आणि गाडी मात्र १०३च्या आसपास पळेल. किलोमीटरही कमी मोजले जातील, म्हणजे विकताना आपलाच फायदा. वळणावर खर्र असा आवाज आला तर तो मडगार्डचे प्लास्टिक टायरला भेटल्याचा समजावा.

हा २०५/४५चा आकार मिळत का नाही, यालाही कारणे आहेत. कंपन्या खपणारा आकार बनवतात, आणि जून २०२०पासून केंद्र सरकारने परदेशी टायरांच्या आयातीला परवान्याची वेसण घातली आहे. मग दुकानात जे सापडते ते कधीकधी बरीच वर्षे मांडणीवर बसलेले असते. टायरवर डीओटी क्रमांकाच्या शेवटी चार आकडे शोधा. २३१९ दिसले तर तो २०१९च्या २३व्या आठवड्यात जन्मला. ‘एकदम नवीन माल’ हे त्याच्या वेष्टनाबद्दल असते.

कायद्याचे फार बोलत नाही. नोंदणीपत्रातल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत, असे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते आणि सुप्रीम कोर्टाने २०१९मध्ये ते पुन्हा ठणकावले. अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर हे वाचून आलेला असतो.

आता एक अभद्र सूचना. आपल्याच गाडीच्या वरच्या व्हेरिएंटला कंपनी १८५/६५ आर १५ देते. उंची ६२१, भिंत १२० मिलिमीटर, भार ८८. कुठल्याही दुकानात मिळतो, ताजा मिळतो, स्वस्त मिळतो. सतरा इंची अलॉय विकून पंधरा इंची घ्या आणि हे टायर चढवा. मन फारच धजावत नसेल तर १६ इंचीवर १९५/५५ घ्या, भार ८७; मी तोंड फिरवीन. फक्त गाडीला पुन्हा ‘मामाची गाडी’ म्हणतील, ही जोखीम आपल्याला पत्करावी लागेल.

बजेट दोनच टायरांचे असेल तर आपण ते पुढे घालणार, कारण फोटो पुढून निघतो. कृपया मागे घाला. पुढची चाके घसरली तर गाडी सरळ जाऊ पाहते आणि माणूस घाबरून पाय तरी काढतो. ओल्या वळणावर मागची सुटली तर गाडी स्वतःभोवती फिरते आणि मग पाय कुठेही ठेवला तरी सारखेच.

कळावे, लोभ असावा.

आपला,
तळमजल्यावरचा शेजारी

ता. क. : स्टेपनी मूळची १४ इंची आहे आणि उंचीने जवळपास सारखीच, त्यामुळे सावकाश चालवत पंक्चरवाल्यापर्यंत नेईल. तिच्यात हवा भरून घ्या. अलॉयच्या नटांची खास चावी आणि स्टीलच्या रिमचे जुने नट गाडीतच ठेवा. स्टेपनी सबवूफरच्या खोक्याखाली आहे आणि खोके आपण आठ स्क्रूंनी ठोकून बसवले आहे, म्हणून स्क्रूड्रायव्हरही ठेवा. खोक्याखाली नको.