तो वास माझ्या भाजीचा नव्हता!

"अहो वहिनी, जरा कठड्याशी या. परवा रात्री जिन्यात जळका वास सुटला होता ना? वरच्या काकू सगळ्या टेंभी नाक्याला सांगत सुटल्यात की मी भाजी करपवली. वालाचं बिरडं होतं हो, आणि उत्तम झालं होतं! वास आला तो आमच्या चिरंजीवांच्या टेबलावरून."

"अगंबाई! आता काय नवीन?"

"इंडक्शन हीटर करतोय घरी."

"शेगडी? त्या तर बाजारात हव्या तेवढ्या मिळतात."

"शेगडी नाही, पण तिचीच बहीण. तांब्याच्या नळीची गुंडाळी करायची, तिच्यात खिळा धरायचा. गुंडाळीतला करंट सारखा दिशा बदलतो, त्याने खिळ्यातच करंटचे भोवरे उठतात आणि खिळा लालबुंद होतो. पण आपल्या शेगडीवर ॲल्युमिनियमचं पातेलं तापत नाही, चुंबक चिकटणारं स्टीलचं तापतं. शेगडीत हा खेळ सेकंदाला वीस-पंचवीस हजार वेळा, याच्या सर्किटात लाखभर वेळा."

"तुम्हाला बरं कळतं हे सगळं!"

"शाळेत विज्ञान काय उगीच शिकवलं? तर काय सांगत होते, जळले ते मॉसफेट, म्हणजे करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर. लॅमिंग्टन रोडवरून आणलेली जोडी, स्विच दाबला आणि फट्! दुसरी घातली, तीही गेली. मग नेहमीचं रडगाणं, दुकानदाराने डुप्लिकेट माल दिला. शेवटी मागच्या बिल्डिंगमधल्या काकांना चहाला बोलावलं. त्यांची सगळी नोकरी वागळे इस्टेटीत गेली, इंडक्शन हार्डनिंगच्या मशीनवर."

"त्यांनी मॉसफेट बदलले?"

"छे! हातही लावला नाही. म्हणाले, 'आधी सर्किटचा कागद दाखव.' कागद पाहिला, बोर्ड पाहिला, परत कागद पाहिला. मग गुंडाळीवर बोट ठेवून विचारलं, 'हिच्या मधून निघालेली तार कुठाय रे?' आमचे चिरंजीव गप्प."

"म्हणजे?"

"कागदावर गुंडाळीच्या बरोबर मध्यावर टॅप, आणि तिथे एका चोकमधून १२ व्होल्ट. याने गुंडाळी केली ती कुठलातरी फोटो बघून, नुसती दोन टोकांची. त्या फोटोत चोक दोन, प्रत्येक टोकाला एक. दोन्ही सर्किटं आपापल्या जागी बरोबर. याने चोक कागदातला घेतला, गुंडाळी फोटोतली, आणि तो एकुलता चोक दिला एका टोकाला जोडून. पत्रिका एका लग्नाची, वरात भलत्याच हॉलवर!"

"पण एवढ्याने जळतं?"

"जळणारच. दोन मॉसफेटनी आळीपाळीने चालू व्हायचं असतं. एक चालू झाला की डायोडमधून दुसऱ्याचं गेट खाली ओढतो. हा तोल जमला नाही तर दोघंही चालूच राहतात, आणि डीसीला चोक म्हणजे नुसती तार. सगळा करंट आरपार! वर डायोड पण भलतेच. कागदावर यूएफ४००७, बोर्डावर १एन४००७. आकडा तोच बघून याने लावून टाकले. तो साधा डायोड ५० हर्ट्झच्या कामाचा; इथे अर्धी फेरी ५ मायक्रोसेकंदांत संपते, तेवढ्यात तो बंदच होत नाही. आणि दोन्ही मॉसफेट एकाच हीटसिंकवर आवळलेले, मध्ये अभ्रक नाही. त्यांच्या पाठीचा पत्रा म्हणजे ड्रेन. झाले की दोन्ही ड्रेन शॉर्ट!"

"देवा! मग?"

"मग काकांनी फोटोतलंच सर्किट धरलं. दुसरा चोक घातला, डायोड बदलले, अभ्रक लावलं, नवी जोडी बसवली. गाडीच्या हेडलाइटचा बल्ब सिरीजमध्ये टाकला. म्हणाले, 'हा भडकला तर समज अजून शॉर्ट आहे. मॉसफेटपेक्षा बल्ब स्वस्त.' बल्ब मिणमिणला, तेव्हा काढला. सप्लाय आधी पूर्ण १२ व्होल्टवर येऊ द्यायचा, स्विच नंतर दाबायचा, हेही बजावलं. व्होल्टेज हळूहळू चढलं तर दोघं एकदमच चालू होऊन बसतात म्हणे."

"तापला का खिळा?"

"बघता बघता लाल! आणि लाल झाल्यावर मीटरवरचे अँपिअर उतरले. पोरगं घाबरलं, परत गेलं म्हणून. काका हसले. लोखंड ७७० अंशांच्या वर गेलं की त्याचं चुंबकत्व जातं, मग ते आधीसारखा करंट ओढत नाही. निघताना मात्र तो जुना कागद त्यांनी फाडायला लावला. 'बोर्डावर जे आहे ते बघून तुझ्या हाताने नवीन काढ. एका बोर्डाला एकच कागद.' तासभर बसून काढलं हो त्याने."

"चला, म्हणजे मिटलं एकदाचं."

"कुठलं मिटतंय! आता दिसेल ते लोखंड त्या गुंडाळीत घालून बघतोय. तुमचा लोखंडी खलबत्ता गॅलरीत असतो ना, तेवढा आत घ्या."