बालवाडी-निवडीची पाच कलमे

अपत्याची तिसरी दिवाळी आटोपली म्हणजे माजलगावच्या विचारी पित्याने सिंदफणेवरील धरण किती टक्के भरले आणि उसाला यंदा काय भाव फुटणार, या दोन सनातन चिंता क्षणभर बाजूस सारून, चिरंजीवांस कोणत्या बालवाडीत रुजू करावे या प्रश्नास हात घालावा. आणि कार्य गंभीर असल्यामुळे त्यात खुद्द मुलाचा सल्ला घेण्याचा प्रमाद करू नये.

कलम पहिले, नामाचे. संस्थेच्या पाटीवर ‘इंटरनॅशनल’ हे विशेषण असावे. कोणकोणत्या राष्ट्रांशी व्यवहार आहे याचा तपशील मागणे अशिष्टपणाचे होय. गोदावरीपलीकडच्या पाथरीचे एखादे मूल पटावर आढळले, तरी त्या विशेषणाची इज्जत राखली गेली असे समजावे.

कलम दुसरे, वाहनाचे. जी शाळा घरापासून चालत गाठता येते ती दर्जाने हीन मानावी; पिवळ्या गाडीत अर्धा तास पेंगल्याखेरीज विद्येची गोडी लागत नाही.

कलम तिसरे, जाबसालाचे. शिक्षण हक्क कायद्याने प्रवेशसमयी बालकाची वा पालकाची चाळणी करण्यास मनाई केली आहे खरी. परंतु त्या कायद्याचे ‘बालक’ सहाव्या वर्षी सुरू होते, सबब तीन वर्षांच्या जिवास रंग, फळे व वडिलांचा हुद्दा इंग्रजीत घोकवून मुलाखतीस हजर करावे.

कलम चौथे, लेखनाचे. कोवळा ऊस तोडला तर साखरेचा उतारा घटतो, हे येथील प्रत्येक बागायतदारास ठाऊक आहे; तथापि हा नियम उसापुरता मर्यादित समजावा, आणि ज्या बोटांना अद्याप सदऱ्याची गुंडी लावता येत नाही त्यांच्या हाती निःशंक पेन्सिल द्यावी.

कलम पाचवे, वर्ज्य गोष्टींचे. गल्लीतील अंगणवाडीकडे चुकूनही पाहू नये. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या दोन विदुषींनी 1945 पासून बोर्डीस व पुढे कोसबाडला, मुले शाळेत येईनात तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली आणि शंखशिंपले, बिया व पाने यांवर शिक्षण उभारून दाखविले. 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारने 33 प्रकल्पांनिशी जी बालविकास योजना आरंभिली, तिच्या केंद्रांस अंगणवाडी हेच नाव मिळाले. चिंचोके मोजून गणित येते हे एकदा कबूल केले, की मग भरमसाट फीची पावती पाहुण्यांस कोणत्या तोंडाने दाखवावी?

आता एक खुलासा. दसरा-दिवाळी उलटताच मुकादमाची उचल फेडण्यासाठी याच जिल्ह्यातून हजारो कोयते कारखान्यांच्या वाटेस लागतात, आणि आईबापांबरोबर तीन वर्षांचे पोरही फडावर जाते. त्यास वरील पाचांपैकी एकही कलम लागू नाही, कारण त्याच्या बापापुढे निवडच नाही. त्याच्या कोपीपर्यंत एखादे अंगण चालत गेले, तरी ताराबाईंचे म्हणणे सरकारास समजले असे म्हणता येईल.